सौंसरची एक ओळ

"याच्यामागे तर कोणीच नाहीये."

मीटिंग अजून सुरू व्हायची होती. पुण्याचे दोघे इंजिनियर आधीच येऊन गप्पा मारत होते, आणि मीही आले आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. यात नवल काही नाही. माझा माईक बंद असतो, कॅमेराही. पडद्याच्या कोपऱ्यात नुसतं नाव दिसतं, आणि नुसतं नाव कोणी वाचत नाही.

"कुठली ओळ?" दुसऱ्याने विचारलं.

"सौंसर. हे कुठे आलं?"

"एमपी असेल. नागपूरच्या पुढे."

"एक हजार चोवीस नंबर आहेत आणि त्यातला चालू किती, तर एक. बाकी सगळे गार पडलेत. आपण उगाच वाहतोय ही ओळ."

"मग टाक काढायच्या यादीत. टीम लीड आले की विचारून घेऊ."

आमच्या कंपनीची छिंदवाड्याकडची काही मशीनं जुनी आहेत. इंटरनेटवरचा कोणता नंबर कोणत्या दिशेला राहतो, याच्या लाखो ओळी अशा मशीनला सतत डोक्यात ठेवाव्या लागतात. रोज नव्या ओळी येतात आणि डोकं तेवढंच राहतं. नवी मशीनं यंदा मिळणार नाहीत, म्हणून त्या दिवशी नको असलेल्या ओळी काढायचं ठरलं होतं. सौंसरची ओळ जगाला फक्त आमच्याच मार्फत कळते. आम्ही काढली की ती कुठेच उरत नाही.

तो एक चालू नंबर मला पाठ होता. सौंसरच्या बसस्टँडमागे एका माडीवर, पंचा पांघरलेल्या एका कॉम्प्युटरचा तो नंबर. तिथे मी पहिली नोकरी केली.

तिथल्या मालकांना मी सर म्हणायची. खांबावर चढून वायर ओढणारे त्यांना काका म्हणत आणि गिऱ्हाइकं भाऊ. टेलिफोन खात्यातून मुदतीआधीच बाहेर पडून त्यांनी सौंसरला इंटरनेटची लहानशी कंपनी काढली होती. मी पांढुर्ण्याहून बसने त्यांच्याकडे मुलाखतीला गेले, तेव्हा इंजिनियर होऊन वर्षभर घरीच बसलेली होते. परीक्षेत माझं अडलं नव्हतं. मुलाखतीत समोरच्याने 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की माझा आवाज कुठे जायचा कोण जाणे.

सरांनी स्वतःबद्दल काही विचारलंच नाही. माझा बायोडाटा चष्मा वर करून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"तुझा मोबाईल नंबर किती वर्षांपासून हाच आहे?"

"नववीपासून."

"कंपनी?"

"बदलली. दोन-तीनदा."

"मतलब कंपनी बदलली, नंबर नाही बदलला." ते खुर्चीत मागे टेकले. "उद्यापासून ये."

मी चपला घालत होते तेव्हा आतून लाइनमनचा आवाज आला. "काका, आपल्याले फोनवर बसवायले पोरगी पाहिजे होती न? हे तर बोलतच नाही."

"मग हे गिऱ्हाइकाचं ऐकून तरी घेईन," सर म्हणाले.

फोनवर माझे हाल झाले. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि मराठी फक्त घरात. घरातली मराठी बाहेर काढायची मला लाज वाटायची. शाळेत एकदा कोणीतरी माझ्या 'येऊन राहिली'ची नक्कल केली होती, तेव्हापासून मी टीव्हीवरची मराठी शिकून घेतली आणि बाहेर तीच वापरली. फोन घेतला की मी म्हणायची, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

"मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?"

"नाही, पांढुर्ण्याची आहे."

"मग आमच्यासारखं बोला न जी. तक्रार केल्यासारखं तरी वाटते."

मशीनच्या खोलीत एसी इतका गार असायचा की सर माकडटोपी घालूनच आत जात. पुढे ती काढायचा कंटाळा करू लागले. मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, ते टोपी घालून स्टँडवरच्या टपरीवर चहाला जायचे. बाकावरचं कोणी तरी म्हणायचं, "भाऊ काश्मीरहून येऊन राहिले."

"हाव," सर टोपी न काढता म्हणायचे, "तिकडं बर्फ पडला."

त्यांचा दिवस आरशाने सुरू व्हायचा. आरसा हे त्यांचं नाव. परदेशातल्या काही मोठ्या कंपन्या आपल्या मशीनमध्ये डोकावायला एक झरोका उघडा ठेवतात. आपला नंबर त्यात टाकला की तिथून आपण दिसतो का, हे कोणालाही पाहता येतं. सर सकाळी पंचा काढून कॉम्प्युटर सुरू करायचे आणि मला विचारायचे, "आज कुठून पाहू?"

मी एखाद्या देशाचं नाव घ्यायची. फिनलंड, ब्राझील. शाळेत भूगोल चांगला होता, तो असा कामी आला.

क्षणभराने पडद्यावर आमची ओळ उमटायची. सर त्यावर बोट ठेवून नातं लावल्यासारखं वाचायचे. "हे आपण. हे नागपूरवाले. हे मुंबईचे. मग समुद्र. मग हे पाहुणे." आणि माझ्याकडे वळून, "दिसून राहिलो न?"

"हो सर."

"चला, लागा कामाले."

हे रोजचं होतं. जगातल्या एकेका देशाला आपण अजून माहीत आहोत, याची त्यांना सकाळी सकाळी खात्री हवी असायची. त्यांच्या घरी कोणी नव्हतं. माडीवर पुढच्या खोलीत ऑफिस आणि मागच्या खोलीत ते. त्यांना फोन आला तर तो गिऱ्हाइकाचाच असायचा.

सौंसरएवढ्या गावातला इंटरनेटवाला सहसा स्वतःचे नंबर घेत नाही. ज्या मोठ्या कंपनीकडून इंटरनेट विकत घ्यायचं तीच नंबर देते. कंपनी बदलली की नंबरही जातात आणि मग सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर बदलत बसावं लागतं. सरांनी मात्र पहिल्या वर्षीच धडपड करून एक हजार चोवीस नंबर स्वतःच्या नावावर घेतले होते. नागपूरची कंपनी सोडून छिंदवाड्याची धरली तरी नंबर तेच राहणार होते. एवढा खटाटोप कशासाठी, हे मला एकदाच कळलं, तेही मी विचारल्यामुळे नाही.

रस्तारुंदीच्या कामात जेसीबीने आमची वायर तोडली होती. दुरुस्ती होईपर्यंत करायला काहीच नव्हतं. सर संत्रं सोलत होते.

"मी बैतूलले होतो तेव्हा," ते म्हणाले, "माझा एक दोस्त होता. आधीच्या गावचा. आम्ही पत्रानं बुद्धिबळ खेळायचो. एका पत्रात एक चाल. गंज दिवस चालला तो डाव, संपतच नव्हता. मग माझी बदली झाली. त्याले नवा पत्ता कळवला. पण त्याची बी बदली झाली होती, अन् त्यानं मले जुन्या पत्त्यावर कळवलं. क्वार्टरमध्ये नवीन माणूस आला होता. त्यानं काही पत्र पुढं पाठवलं नाही."

त्यांनी अर्धं संत्रं माझ्यापुढे ठेवलं.

"मले वाटते त्याची चाल होती. त्याले वाटत असंल माझी."

बाहेर लाइनमनने वायर जुळल्याची हाक दिली आणि सर टोपी ओढून आत गेले.

मला आधी वाटलं होतं, असा माणूस मागेल त्याला कायमचा नंबर देत असेल. तसं मुळीच नव्हतं. स्वतःचा, कुठेही नेता येणारा नंबर मागणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, 'मागे किती आहेत?' त्याचा अर्थ त्यांनी मला खिडकीशी उभं करून समजावला होता. खाली नागपूरची बस लागली होती.

"पाटीवर काय लिहिलं आहे?"

"नागपूर."

"आत पन्नास लोक बसले. कोणी इतवारीले जाते, कोणी बर्डीले. त्यांची नावं काहून नाही लिहिली पाटीवर?"

"मावणार नाहीत."

"बस. इंटरनेट एवढंच आहे. ज्यानं त्यानं म्हटलं माझं नाव लिहा, तर पाटी कोण वाचंन?"

मग आपण आपली वेगळी पाटी का लावली, हे माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. पण सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आपण हजार जण आहो. हजार जणांची एक पाटी चालते."

हा प्रश्न मनात न ठेवता तोंडावर विचारणारा माणूस मी एकच पाहिला. तिगाव स्टेशनाजवळ त्याची संत्र्यांच्या ग्रेडिंगची शेड होती. त्याला सगळे शेठ म्हणत. शेडमधल्या पट्ट्यावर त्याने कॅमेरा लावला होता. लांबच्या व्यापाऱ्याने आमच्याकडचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला की पट्ट्यावरून घरंगळत जाणारी संत्री त्याला घरबसल्या दिसायची. शेठला याचं इतकं कौतुक की त्याने तो नंबर पुठ्ठ्याच्या सगळ्या पेट्यांवर छापून घेतला, स्वतःच्या मोबाईल नंबरपेक्षाही मोठ्या अक्षरात. तशा पेट्यांनी त्याचं गोदाम भरलं. आणि ऐन हंगामाच्या तोंडावर तो एक पेटी काखेत घेऊन आमच्याकडे आला.

"भाऊ, मी कंपनी बदलून राहिलो. राग नका मानू."

"राग कायचा त्यात. बदला."

"हा नंबर फक्त सोबत नेतो."

"तो नेता येत नाही."

"काहून? मोबाईलचा नेता येते न. मी मागल्याच महिन्यात नेला."

"मोबाईलचं वेगळं," सर म्हणाले. "फोन लावताना एकदा वहीत पाहतात का हा नंबर आता कोणाकडं गेला. मग लावून देतात. इथं तुमच्या संत्र्याच्या एका फोटोचे शंभर तुकडे होतात. अन् हरेक तुकडा हरेक नाक्यावर विचारते, कुठं जाऊ? वही काढायले टाइम नसते. नाक्यावरच्या मशीनले तोंडपाठ पाहिजे."

"मग करा म्हणा पाठ. एक तर नंबर आहे माझा."

"मागे किती आहेत?"

"कायच्या मागे?"

"नंबराच्या."

शेठने बोटं मोजली. "मी आहो. दोन कॅमेरे आहेत. वजनकाटा आहे."

"म्हणजे दुनियेतल्या हरेक नाक्यानं तुमचे दोन कॅमेरे अन् काटा ध्यानात ठेवायचा."

"ठेवला तर काय बिघडते?"

"तुमचा ठेवला तर बोरगावच्या कापसाच्या जिनिंगवाल्याचा बी ठेवावा लागते. मग सौंसरच्या हरेक दुकानदाराचा. पाटीवर मावत नाही शेठ."

"तुमचा बरा मावला," शेठ म्हणाला. पेटी टेबलावर ठेवून तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी शेठची वायर काढली गेली. मी त्याचा नंबर बंद करायला घेतला तर सर म्हणाले, "तो नको बंद करू. त्यावर जो येईन त्याले शेठच्या नव्या नंबरावर सोडून दे."

"सर, ते आता आपले गिऱ्हाईक नाहीत."

"पेट्या तर आपल्या नंबराच्या आहेत."

म्हणजे शेठची संत्री पाहायला येणारा आधी आमच्याकडे येणार आणि आमच्याच वायरीवरून परत बाहेर जाणार. ज्याने आम्हाला सोडलं त्याचं ओझं आम्ही दुप्पट वाहायचं. शेठच्या गोदामातल्या पेट्या संपेपर्यंत आम्ही ते वाहिलं. शेठला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, नंबर त्याच्यासोबत गेला. टपरीवर तो सगळ्यांना सांगायचा, "भाऊ खोटं बोलले. म्हणे नेता येत नाही. आला न नंबर सोबत."

एकदा तो हे सांगत असताना सर शेजारच्याच बाकावर होते, टोपी घालून. मी पांढुर्ण्याच्या बसची वाट पाहत उभी होते. आता ते शेठला खरं काय ते सांगतील म्हणून मी थांबले. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि टपरीवाल्याला म्हणाले, "साखर कमी आहे आज."

मग शेठकडे वळून, "पुढल्या खेपेले पेट्यावर नंबर नका छापू शेठ. इंटरनेटवरचं नाव घ्या एखादं अन् ते छापा. नाव कुठं बी नेता येते."

शेठने पुढच्या हंगामात नाव छापलं. जुन्या पेट्या मात्र लवकर संपत नाहीत. लोक त्यात कपडे भरतात, वह्या भरतात, घर बदलताना भांडी भरतात. नागपुरात एका भंगारवाल्याच्या गाडीवर मी तो नंबर पाहिला आहे.

सरांची गोष्ट अशीच सांगत गेले तर ते फार भले वाटतील. हट्टीही तेवढेच होते, आणि हट्टाची किंमत आमच्या गिऱ्हाइकांनी मोजली. आमच्याकडे दोन वाटा होत्या, एक नागपूरकडून येणारी आणि एक छिंदवाड्याकडून. सगळी गर्दी नागपूरच्या वाटेने यायची आणि दुसरी मोकळी पडून राहायची. संध्याकाळी नागपूरची वाट तुंबली की माझा फोन सुरू.

"मॅडम, तुमचं नेट चालून राहिलं का रांगून राहिलं?"

उपाय सोपा होता. आमच्या एका ओळीचे चार तुकडे करून दोन तुकडे एका वाटेने जाहीर करायचे आणि दोन दुसऱ्या. मोठमोठ्या कंपन्या सर्रास हेच करतात. तोंडाने सांगणं मला जमलं नसतं, म्हणून मी कागदावर आकृती काढून सरांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ती नीट पाहिली. "एकदम बरोबर आहे," ते म्हणाले. "पण नाही करायचं."

मी उभीच राहिले.

"एका ओळीच्या चार होतात. आपल्याले जागा व्हावी म्हणून जपानच्या मशीननं आपल्या चार ओळी डोक्यात धरायच्या. जपाननं आपलं काय घोडं मारलं?"

जपानला यातलं काही कळलंही नसतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. पण सगळेच असं म्हणतात म्हणून तर मशीनं भरतात, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं. मी परत फोनवर जाऊन बसले. सौंसरमधल्या एका आईला मी काय सांगणार होते? तुमच्या मुलाचा ऑनलाइन क्लास अडकतोय, कारण सरांना जपानची काळजी आहे? मी तिची तक्रार नोंदवून घेतली.

लोक कंटाळून एकेक करून जाऊ लागले. शेवटी सरांनी वायरी आणि उरलेली गिऱ्हाइकं नागपूरच्या एका कंपनीला दिली, म्हणजे मी आता जिथे आहे तिला. त्या कंपनीकडे स्वतःचे नंबर भरपूर होते, तिला सरांचे नको होते. सरांनी दोन गोष्टी मागून घेतल्या. आपली ओळ कंपनीने पुढे जगाला सांगत राहावी ही एक. दुसरी, मला नोकरी.

"ही इंजिनियर आहे," ते कंपनीच्या माणसाला म्हणाले. "बोलत नाही. पण हिनं ऐकलेलं वाया जात नाही."

गिऱ्हाइकांचे नंबर बदलायचं काम माझ्याकडेच आलं. एकेक दुकान, एकेक घर, बोरगावची जिनिंग, तालुक्यातले दवाखाने. बदललं की आमच्या ओळीमागचं एक माणूस कमी व्हायचं. सर शेजारी बसून संत्री सोलायचे, पण आरशात पाहायचे नाहीत. शेवटचं गिऱ्हाईक हललं त्या दिवशी त्यांनी माकडटोपी काढून टेबलावर ठेवली आणि मशीनच्या खोलीचा एसी बंद केला. त्यांचे सगळे केस पांढरे झालेत हे मी तेव्हा प्रथम पाहिलं.

नागपुरात मी एका पेइंग गेस्टच्या खोलीत राहते. शेजारच्या खोलीतल्या मुली येतात आणि जातात, आम्ही एकमेकींना पाहून हसतो. ऑफिसचं काम खोलीतूनच चालतं. कधी दिवसभरात मी फक्त डबेवाल्या मावशींशी बोलते, तेही 'ठेवा' एवढंच. इथे आल्यापासून सकाळचा चहा घेताना मी आरसा उघडून पाहू लागले. सवय म्हणा. फिनलंडमधून सौंसर दिसतं का पाहायचं आणि बंद करायचं.

गेल्या दिवाळीत पांढुर्ण्याला घरी गेले होते, तेव्हा एक दिवस सौंसरला गेले. दुकानांच्या पाट्यांवर 'जिल्हा छिंदवाडा' खोडून 'जिल्हा पांढुर्णा' रंगवलं होतं. माडीवर सर होते, डोक्यावर टोपी होती. एसी नव्हता तरी.

"पाहिलं का?" मी बसायच्या आधीच ते म्हणाले. "आपण हललो नाही अन् जिल्हा बदलून गेला."

त्यांनी संत्री काढली. कॉम्प्युटरवरचा पंचा बाजूला केला. शेठचा जुना नंबर त्यांनी आता याच कॉम्प्युटरला दिला होता आणि त्यावर एक पान लावून ठेवलं होतं. 'संत्र्यांची शेड आता या नावावर सापडेल,' आणि खाली नाव.

"कोणी येतं का सर यावर?"

"नाही." मग संत्रं सोलता सोलता, "मागल्या उन्हाळ्यात एक जण आला होता. थांबला थोडा वेळ."

"कुठून?"

"पाहिलं नाही. तसं पाहणं बरं नाही."

मी कीबोर्ड ओढला आणि विचारलं, "आज कुठून पाहू?"

मीच फिनलंड उघडलं. ओळ उमटली. त्यांनी बोट ठेवलं, पण नातं वाचलं नाही.

"मागे किती आहेत ते नको विचारू," ते म्हणाले.

मी विचारलं नव्हतं.

"हजार जणांची पाटी अन् बसमध्ये एकटा मी. दुसऱ्या कोणाची असती तर मीच म्हटलं असतं, उतरव म्हणा पाटी. शेठले म्हटलंच होतं." त्यांनी एक फोड उचलली आणि परत ठेवली. "रोज सकाळी ठरवतो का आज काढतो. मग म्हणतो, पाहून तर घेऊ आधी."

खाली कंडक्टर पांढुर्णा, पांढुर्णा ओरडत होता. मी उठले.

"तुमच्याकडले लोक कधी ना कधी सफाई करतीन," सर म्हणाले. "करावीच लागते. तू मधात पडू नको."

बसमध्ये खिडकीशी बसून मी वर पाहिलं. ते गॅलरीत उभे होते. हात हलवावा की नाही हे ठरवेपर्यंत बस निघाली.

हेडफोनमध्ये आता लीड आले होते. यादी वरून खाली सरकत होती. गुजरातच्या एका कारखान्याची ओळ गेली, कुठल्याशा बंद पडलेल्या कॉलेजची गेली. मग पडद्यावर सौंसर आलं.

"हे काय आहे?" लीडने विचारलं.

"जुन्या करारातली जोडणी आहे सर. मागे कोणी नाही. काढू?"

"एक तर चालू दिसतोय."

"एखादं मशीन राहिलं असेल कोणाचं तरी चालू."

नियमाने ती जायलाच हवी होती. हा नियम मला ज्यांनी शिकवला, मधात पडू नको असंही त्यांनीच सांगितलं होतं. काढली तर सगळ्या जगाच्या डोक्यावरचं एका ओळीचं ओझं कमी होणार होतं, आणि जगाला ते कळणारही नव्हतं. उद्या सकाळी सौंसरच्या माडीवर एक जण पंचा काढेल, एखादा देश उघडेल. मग दुसरा उघडून पाहील. मग तिसरा.

"ओके," लीड म्हणाले. "कोणाला काही म्हणायचंय? नाहीतर काढतोय."

मी माईक सुरू केला. आधी नुसता श्वासच गेला असावा.

"कोणाचा तरी माईक चालू आहे," कोणीतरी म्हणालं. "कोण आहे?"

टीव्हीवरच्या मराठीतलं एकही वाक्य मला सापडेना.

"मी बोलून राहिली," मी म्हटलं. "ते ओळ काढू नका. मागं एक जण आहेत. सौंसरलेच राहून राहिले ते अजून."